कसरीनं न खाल्लेली ओळ

ये, इकडं सरक जरा. कागदावरच का होईना, तुला जवळ बसवून घेते, कारण खरोखरीची तू काही येत नाहीस. तीन दिवाळ्या झाल्या. फोन केला की "काकू, मीटिंगमध्ये आहे, नंतर करते." तुझं ते नंतर कधी उगवतंय, वाट बघतेय मी. पुण्याहून सोलापूरला यायला काय जहाजात बसावं लागतं का गं? रागावले नाही. रागावले असेन तर थोडीच.

आणि मागच्या आठवड्यात आपणहून फोन केलास, तर मला किती आनंद झाला! पण विचारलंस काय, तर "काकू, गावाकडची ती ओढ्याकाठची पट्टी आहे ना, तिची काही जुनी कागदपत्रं आहेत का तुझ्याकडं? विकायची म्हणतेय. वकील मागतोय." मी म्हटलं, "बघते हं."

बघायचं काय होतं त्यात. कागद कपाटात आहे, खालच्या खणात, काळ्या घोंगडीच्या घडीत. रोज नाही, पण सणासुदीला तरी ती घडी उघडून मी तो बघते आणि परत ठेवते. तरी तुला म्हटलं, बघते. फोन ठेवला आणि माझी मलाच लाज वाटली. वय काय माझं, आणि अजून खोटं बोलतेय, तेही त्याच कागदाबद्दल.

म्हणून आता लिहूनच काढते. तोंडानं सांगायला गेले तर मी मध्येच चहा टाकायला उठेन, मला माहीत आहे.

मी शिकलेली चौथी. तुझ्या काकांशी लग्न होऊन माढ्याजवळच्या आपल्या गावी आले, तेव्हा घरात पुस्तक म्हणजे पंचांग आणि पोथी. पण मामंजींची, म्हणजे तुझ्या आजोबांची, एक लाकडी पेटी होती. आपल्या घराण्याकडं पूर्वी गावचं दप्तर लिहायचं काम होतं. ते काम गेलं, मान गेला, पेटी राहिली. तिच्यात मोडी कागदांची बंडलं, लाल फडक्यात बांधलेली. मामंजींची नजर अधू होत चाललेली. दुपारी मी जोंधळे निवडत बसले की ते शेजारी कागद धरून उन्हाकडं तोंड करून बसायचे आणि पुटपुटायचे. एकदा म्हणाले, "सूनबाई, हे अक्षर कसं दिसतं सांग बरं. शेपटी वर आहे का खाली?" मी म्हटलं, "खाली, आणि पुढच्याच्या पायात अडकलीय." ते हसले. तिथून सुरुवात झाली.

मोडी कशी असते ठाऊक आहे का तुला? आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग तिच्याखाली अक्षरं लोंबकळत न्यायची. लेखणी उचलायची नाही, शब्द तोडायचा नाही. कुठं शब्द संपला ते वाचणाऱ्यानं ओळखायचं. मी भाकरीच्या पिठात बोटानं गिरवायची. सासूबाई ओरडायच्या, "भाकऱ्या कर गं, कागद कसले लिहितेस परातीत!" दोन वर्षांत मला वाचता यायला लागलं. घरातल्या पुरुषांना येत नव्हतं, बरं का. तुझ्या काकांना नाही, तुझ्या बाबांनाही नाही. त्यांना त्यात रसच नव्हता. "जुनं ते, कशाला पाहिजे," म्हणायचे. आणि मी कधी वाचलेलं सांगायला गेले तर, "चौथी पास वकीलीणबाई आल्या," अशी चेष्टा. चेष्टाच ती, वाईट मनानं नव्हे. पण लागायची.

मी पहिला सबंध वाचलेला कागद म्हणजे हाच, ओढ्याच्या पट्टीचा. मामंजींनी मुद्दाम तो दिला होता शिकायला, अक्षर सुबक म्हणून. त्यांनी त्याची कथाही सांगितली. इंग्रजांच्या राज्यात साहेबाची मोजणी आली. साखळी घेऊन माणसं शेतातून फिरली, दगड पुरले, शेतांना नंबर पडले. एका नंबराला एक नाव. ओढ्याकाठची पट्टी तेव्हा मेंढपाळांची होती. एक विधवा बाई होती त्यांच्यात कर्ती, दर साली सुगी झाली की ती मेंढरं घेऊन यायची आणि आपल्या रानात बसवायची. मेंढरं रात्रभर रानात बसली की त्या लेंड्यांनी आणि मुतानं जमीन कशी पिकते, ते तुला पुण्यात काय सांगू! त्याबद्दल पूर्वी कधीतरी गावानं तिच्या घराला ती पट्टी दिलेली. पण मोजणी आली तेव्हा ती बाई मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला गेली होती. साखळीवाल्यांना तिथं कुणी दिसलं नाही. त्यांनी पट्टी आपल्या घराच्याच नंबरात ओढली आणि आपल्या मूळपुरुषाचं नाव लावून मोकळे झाले.

आता त्या पुरुषाला गप्प बसता आलं असतं. सरकारदरबारी नाव त्याचं. पण ती बाई परत आल्यावर त्यानं कागद लिहून दिला. मला तोंडपाठ आहे तो: "साहेबाचे मोजणीस तू गावी नव्हतीस, सबब नंबर आमचे नावे पडला. पट्टी तुझी व तुझे लेकीसुनांची असे. आमचे वंशी कोणी हरकत करू नये." खाली दोन साक्षी. आणि त्या बाईची निशाणी. तेव्हा लिहिता न येणाऱ्यांचा अंगठा नसे गं, निशाणी असे. कुणब्यानं नांगर काढायचा, बाईनं बांगडी. तर त्या कागदाच्या तळाला बांगडी आहे. तिनं स्वतः काढलेली, जराशी चेपलेली, एका बाजूला शाई जास्त झालेली. मामंजी त्यावर बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "सूनबाई, हा कागद जपायचा. सरकारच्या कागदात हे नाही. हे फक्त इथं आहे."

फक्त इथं. आणि वाचणारी फक्त मी.

आता त्या घरातली जी बाई माझ्या वेळी यायची, तिला सगळे आक्का म्हणायचे. त्या विधवेची ती पणतसून. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, उंच, काटक, आवाज असा की ओढ्यापलीकडची मेंढरं वळावीत. माझा थोरला झाला तेव्हा हिनंच घोंगडी आणून दिली होती. "वैनी, ह्याच्यात गुंडाळा पोराला, सर्दी जवळ येनार न्हाय," म्हणाली. तीच ही घोंगडी, कागद ठेवलाय ती. घोंगडी तिची, कागद तिचा, आणि कपाट माझं. बघ म्हणजे झालं.

मामंजी गेले. काकांना सोलापुरात कारकुनी लागली, आम्ही इकडं आलो. पुढं भावांची वाटणी ठरली, म्हणून आम्ही गावी गेलो. तू तेव्हा आठवी-नववीत असशील, सुट्टीला आजोळी गेली होतीस. वाटणीत ओढ्याकडची बाजू तुझ्या बाबांकडं आली. पाणाड्या आणून त्यांनी हातावर नारळ ठेवून जागा बघून घेतली, तर नारळ नेमका त्या पट्टीत उभा राहिला. विहीर तिथं काढायची ठरली. कुंपणाचे दगडी खांब येऊन पडले. आणि त्याच आठवड्यात आक्का मेंढरं घेऊन आली.

तिनं खांब बघितले आणि मेंढरं पोरींवर सोपवून तडक घरी आली. ओसरीखाली उभी राहून म्हणाली, "काय ओ धाकलं मालक, आमच्या पट्टीत खांब कशाचं? मांडव घालताय व्हय?"

तुझे बाबा म्हणाले, "आक्का, पट्टी आमच्या नंबरात आहे. सातबारा बघ."

"सातबारा मला काय कळतोय. तुमच्या पेटीत कागद हाय. थोरलं मालक सांगायचं. आमच्या पणजीसासूनं बांगडी काढलीया त्याच्यावर. काढा की पेटी."

आणि इथं मी तुला एक गोष्ट सांगते, ती नीट ऐक, कारण त्या माणसांवर ठपका नको. तुझे काका म्हणाले, "काढू या की. कागदात असेल तर तिचं तिला. आपण कशाला कुणाचं ठेवून घ्यायचं?" तुझ्या बाबांनीही मान हलवली. थोडी जड मानेनं, पण हलवली. हां, त्याआधी स्वयंपाकघरात येऊन ते मला एवढं म्हणाले होते, "वहिनी, जरा नीट बघा हं. पाणी तिथंच लागतंय." एवढंच. 'खोटं वाचा' असं कुणीही म्हणालं नाही.

पेटी ओसरीवर आली. तुझ्या बाबांनी आतून खुर्ची आणली. मला वाटलं काकांना, पण त्यांनी ती माझ्यासमोर ठेवली. "बसा वहिनी." त्या ओसरीवर मी कधी खुर्चीत बसले नव्हते. पुरुष बसलेले असताना तर नाहीच. कुणी सांगितलं नव्हतं बसू नको म्हणून, पण नाहीच बसायची. मी बसले. दोन्ही भाऊ माझ्या तोंडाकडं बघत होते. चौथी पास वकीलीणबाई आता कुणी म्हणत नव्हतं. आणि आक्का खाली, पायरीवर बसलेली. ती म्हणाली, "वैनी, तुमीच वाचा. तुमी वाचल्यालं मला खरं."

मी वाचायला लागले. तिथी, गाव, चतुःसीमा. पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस ओढा. सगळं खणखणीत वाचलं. मग ती ओळ आली. साहेबाचे मोजणीस तू गावी नव्हतीस.

मी थांबले. काय मनात आलं, ते आजही मला नीट सांगता येत नाही. विहीर आली असेल. पण खरं सांगू का, खुर्ची जास्त आली. हे वाचलं की झालं, हे सगळे उठणार, तोंडं पडणार, मला परत आत जाऊन भाकऱ्या थापायच्या. आणि न वाचलं तर मी ह्यांची. ह्यांच्यातली. एवढं क्षुद्र कारण.

मी म्हटलं, "इथं कसर लागलीय. खाल्लंय. दिसत नाही."

कसर म्हणजे कागद खाणारा तो चंदेरी किडा. पेटीतल्या निम्म्या कागदांना त्यानं चाळणी केली होती, त्यामुळं कुणाला नवल वाटलं नाही. आणि मोडीत अक्षरं सलग, एकाला एक चिकटलेली. एक ओळ गाळली तर न येणाऱ्याला कशी कळावी? मी खालच्या साक्षींवर उडी मारली.

आक्का म्हणाली, "सगळा कागद सोडून कसरीनं बरूबर आमचीच वळ खाल्ली म्हनायची. लई हुशार कसर हाय तुमच्या घरची."

तुझे बाबा हसले. मीही हसले. हसले गं मी.

मग ती पायरीवरून उठली, जवळ आली आणि कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं, पण चित्र कुणाला वाचता येत नाही? "आन् ही? ही बांगडी न्हाय का, वैनी?"

तिचं बोट बांगडीवर. तिच्या मनगटात हिरव्या काचेच्या बांगड्या, माझ्याही मनगटात हिरव्याच, एकाच कासारानं भरलेल्या असतील. मी म्हटलं, "तो डाग आहे. शाई सांडलीय."

तिनं कागदाकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं. मग बोट काढून घेतलं.

"डाग व्हय. बरं."

एवढं बोलून ती उतरली. मी चहा केला होता तिच्यासाठी, तो पायरीवर तसाच राहिला. साय धरली त्याच्यावर, मग माशी बसली, मग मी तो तुळशीजवळ ओतला. त्या साली मेंढरं आपल्या रानात बसली नाहीत. पुढच्या सालीही नाही. ती आलीच नाही परत. कुणीतरी सांगितलं, वेळापूरकडं बसवतात आता.

विहिरीला पाणी लागलं. गोड लागलं. मी गावी गेले की त्या विहिरीचं पाणी पीत नसे, असं लिहायला मला बरं वाटलं असतं. पण प्यायले. सगळ्यांबरोबर प्यायले, आणि वर "काय चव आहे!" असंही म्हटलं.

तुझ्या काकांनी शेवटच्या आजारात एकदा विचारलं होतं. दवाखान्यातून घरी आणलं होतं त्यांना, मी पाय चेपत होते. एकदम म्हणाले, "तो डागच होता ना गं?" कसला डाग, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी म्हटलं, "हो, डागच." त्यांनी डोळे मिटले. त्यांना खरं सांगितलं असतं तर ते काय करणार होते, अंथरुणातून उठून सातबारा बदलणार होते का, असं मी नंतर स्वतःला समजावलं. पण विचारलं होतं त्यांनी. म्हणजे त्यांनाही ते टोचतच होतं, आणि टोचणारी वस्तू मी काढून दिली नाही.

आता गंमत बघ. ह्या दोन-तीन वर्षांत मोडी वाचणाऱ्यांना किती मागणी आलीय! जुन्या नोंदी शोधायला लोक फिरतायत, झेरॉक्स घेऊन माझ्याकडं येतात. आपल्या बिल्डिंगच्या जिन्यात कधी कधी चपलांची रांग असते. कुणाच्या खापरपणजोबाचं नाव सापडलं की ते माझ्या पाया पडतात. गेल्या श्रावणात वाचनालयानं शाल-श्रीफळ दिलं. भाषण करणारे गृहस्थ म्हणाले, "आजींनी कागदाशी कधी बेइमानी केली नाही." टाळ्या झाल्या. माझे कान असे तापले, की शेजारच्या बाईंनी विचारलं, "बीपी वाढलं का?" मी म्हटलं, "हो, थोडं." बघ, परत.

आणि त्यानंतर महिनाभरानं एक मुलगी आली. इथं सोलापुरातच नर्सिंगला आहे, हसरी, पाठीला सॅक. मला वाटलं कागद घेऊन आलीय. म्हटलं, "दाखव बाळ." तर म्हणाली, "कागद नाही आजी. माझ्या आजीनं निरोप दिलाय. म्हणाली, त्या बाई सोलापुरात मोडी वाचतात, त्यांच्याकडं जाऊन ये."

"काय निरोप?"

मुलगी हसली. "मला काही कळला नाही बघा. आजी म्हणाली, त्यांना विचार, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? झालं असंल तर म्हनावं, आता डाग एकदा नीट बघा."

ऑपरेशन झालं होतं गं, दोन्ही डोळ्यांचं. मी तिला आत घेतलं, चहा दिला, खारी दिली, आजी कुठं असते विचारलं. नातेपुत्याला, लेकीकडं. मेंढरं आता नाहीत, गुडघे गेलेत, तोंड मात्र शाबूत आहे, असं ती मुलगी म्हणाली आणि खूप हसली. तिनं कॅलेंडरच्या मागं आपला नंबर लिहून दिला. जाताना विचारलं, "मग आजीला काय सांगू?"

मी म्हटलं, "सांग, ऑपरेशन झालं."

एवढंच. पुढचं वाक्य तोंडापर्यंत आलं होतं. ती जिना उतरून गेली आणि ते तोंडातच राहिलं. कागद मागच्या खोलीत, चार पावलांवर.

त्यानंतर तुझा फोन आला. कागद आहेत का म्हणून.

आहे. एकच आहे. कसर लागलेली नाही त्याला, एक अक्षर गेलेलं नाही. तुझ्या वकिलाला दाखवला तर तो म्हणेल, ह्याला कोर्टात काडीची किंमत नाही, सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे, बिनधास्त सही करा. आणि तो चुकीचं सांगत नसेल. साहेबाची साखळी अजून तुझ्या बाजूनं आहे. तुझ्या बाबांनी हौसेनं तुझ्या नावावर केलेली पट्टी आहे, तिचं काय करायचं ते तू ठरवायचं. मी तुला हुकूम सोडायला कोण? पाप मी केलंय, आणि देऊन टाक म्हणायचं तुला, हेही मला शोभत नाही. तिथं प्लॉट पडले, की मात्र परत द्यायला काही उरणार नाही, एवढं मला कळतं.

म्हणून फक्त एवढंच मागते. सही करायच्या आधी एकदा ये. मी कागद काढीन आणि मोठ्यानं वाचीन, आणि तू माझ्या शेजारी बसून ओळीखाली बोट धर. तुला मोडी येत नाही, चालेल. मी कुठं थांबले तर तेवढं म्हण, "काकू, पुढं." खुर्ची नको मला, खाली सतरंजीवर बसू. तिथं नीट वाचता आलं, तर मग त्या मुलीला फोन लावू आणि नातेपुत्याला जाऊ. तिथं एकटीनं वाचायचं माझ्यात धाडस नाही. आक्का बोलेल, लई बोलेल, आणि ते मला ऐकून घ्यायचंय. तिनं बोट कुठं ठेवलं होतं, ते मला माहीत आहे. ह्या वेळी ती ठेवेल तेव्हा मला बरोबर शब्द म्हणायचाय.

ह्या शनिवारी जमेल का? नंतर म्हणू नकोस. आक्का माझ्याहून मोठी आहे, आणि मीही काही लहान नाही. शेंगाची चटणी कुटून ठेवलीय तुझ्यासाठी, पुण्यात तुला असली मिळत नाही. रात्रीचा प्रवास करू नकोस, सकाळच्या गाडीनं ये. ये गं, आणि लवकर ये.